येऊ दे, दादा…

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे जागा मिळणार नाही.

माझ्या पोटच्या दोन पोरांच्या बाबतीत हे घडलं. दोघंही धडधाकट. दिवसभर लोखंडाशी झटणारे. सावलीला बघून दचकणाऱ्यांतले नाहीत. थंडीचे दिवस होते, संध्याकाळची दिवे लागायची वेळ होती आणि जागा म्हणजे आमचंच गॅरेज.

गॅरेज कसं आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गल्लीच्या टोकाला आहे. बोगद्यासारखं लांबट आणि अरुंद, बाजूला एक खांब. गाडी तोंडाने आत जाते, आणि बाहेर काढायची तर मागेच घ्यावी लागते. शटरसमोर गल्ली. गल्लीपलीकडे एका गोदामाची पांढरी भिंत. त्या भिंतीला खिडकी नाही, दार नाही, काही नाही.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. पोरांच्या बापाने घालून दिलेली. गाडी मागे घेताना एकाने मागे उभं राहायचं आणि तोंडाने बोलत राहायचं. "येऊ दे… येऊ दे… येऊ दे… थांब!" चालवणाऱ्याने मान वळवायची नाही. त्याने फक्त पुढे बघायचं, कारण मान वळली की पुढचं मडगार्ड खांबाला घासलंच म्हणून समजा. मागच्याच्या आवाजावर गाडी सोडायची.

दिवे तपासायचे तेही तसेच. एक आत बसून ब्रेक दाबणार, दुसरा मागून ओरडणार, "लागला!… विझला!"

थोरला आत, धाकटा मागे. मिसरूड फुटल्यापासून दोघांचं हेच. थोरला पत्र्याचा माणूस. ठोकणं, कापणं, जोडणं, रंग मारणं. धाकट्याच्या हातात वायरी. जगात कोणावर ठेवणार नाही एवढा भरवसा थोरल्याने त्या मागच्या आवाजावर ठेवला.

आणि तोच आवाज बंद झाला.

झालं असं, की धाकट्याने दुसऱ्या गावी एका मोठ्या शोरूममध्ये नोकरी धरली. धरली तर धरली, पण भावाला सांगितलं नाही. थोरल्याला ते कळलं रंगाच्या दुकानदाराकडून. "काय, धाकटे चालले म्हणे?" असं त्याने चारचौघांत विचारलं. थोरला तिथे हसला आणि गॅरेजात येऊन फुटला.

"जा की! तुझ्यावाचून माझं काय अडत नाही."

"बघूच," धाकटा म्हणाला.

तो शेवटचा शब्द. त्यानंतर अबोला.

दोघांचा ताठा घरात मावेना. जेवायला समोरासमोर बसायचे आणि थोरला बायकोला म्हणायचा, "तुझ्या दिराला सांग, उद्या शटर लवकर उघडायचंय."

दीर हाताच्या अंतरावर. तो म्हणायचा, "वहिनी, तुमच्या यांना सांगा, मला कान आहेत."

सून बिचारी म्हणायची, "त्यापेक्षा टपालात नोकरी धरली असती. निदान शिक्के तरी मारायला मिळाले असते."

मी दोघांनाही खडसावलं. पण माझीच पोरं ती. वाकायचं कसं, हे त्यांना शिकवायलाच मी विसरले होते.

अशात ती गाडी आली.

दोन दारांची, बसकी, काळी स्पोर्ट्स कार. मालक म्हणजे पिकल्या केसांना कलप लावून हिंडणारा एक हौशी गृहस्थ. आम्ही त्याला हिरो म्हणायचो. गाडी जुन्या मॉडेलची होती, आणि त्याला ती मागून नव्या मॉडेलसारखी दिसायला हवी होती. नव्या मॉडेलला मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब लाल पट्टी असते दिव्याची. जुन्याला नुसते चार गोल दिवे.

"पुढून कोण बघतो?" हिरो म्हणाला. "मी लोकांना मागे टाकतो. लोकांना माझी गाडी मागूनच दिसते."

पुढून म्हातारं, मागून तरुण. असल्या हौसेला मी काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण थोरल्याला काम आवडलं. अवघड होतं म्हणून आवडलं. नुसते दिवे बदलून भागणार नव्हतं. मागचा पत्रा कापायचा, नव्या मॉडेलचा अख्खा मागचा भाग आणून जोडायचा. डिकीचं झाकण, बंपर, वर उंच पंख, मागच्या काचेवर पट्ट्यांची काळी जाळी. तसा भाग एका भंगारवाल्याकडे मिळाला. अगदी नवा कोरा. ओरखडासुद्धा नाही.

धाकटा वायरिंग करून देणार आणि मग जाणार, असं सुनेच्या टपालातून ठरलं. या गाडीचं काम संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बसने निघणार होता. थोरला वरून म्हणायचा, बरं झालं. आतून त्याला एवढंच हवं होतं, की जायच्या आधी पोराने एकदा "दादा" म्हणावं. एकदाच. तसा न बोलता गेला असता, तर मग कायमचा गेला असता. हे थोरल्याला कळत होतं, मला कळत होतं, भिंतींनासुद्धा कळत होतं.

पण आधी तोंड कोण उघडणार?

पहिल्यांदा जे दिसलं ते अगदी साधं होतं.

मागचा भाग जोडून, पुट्टी घासून थोरल्याने रंगाआधीचा प्रायमर मारला होता. रात्रभर वाळायला ठेवला. सकाळी शटर उघडून बघतो तर…

डिकीच्या झाकणावर पंजा.

उघडा पंजा. ओल्या प्रायमरवर कोणीतरी हात टेकवावा तसा. पाच बोटं, तळव्याच्या रेषासुद्धा उमटलेल्या.

थोरल्याचं डोकं फिरलं. शटरच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, एक धाकट्याकडे. म्हणजे हे कोणाचं काम? माझ्या कामावर हात मारून दाखवतोय लेकाचा!

विचारायला तोंड उघडलंसुद्धा. पण विचारलं असतं तर आधी बोलल्यासारखं झालं असतं. मिटलं. पॉलिश पेपर घेतला, पंजा घासून काढला आणि पुन्हा प्रायमर मारला.

दुसऱ्या दिवशी… परत पंजा.

त्याच जागी. तसाच.

त्याने परत घासला. मूग गिळून.

धाकटा हे सगळं बाजूला उभा राहून बघत होता. त्याला वाटत होतं, दादाच मुद्दाम काम लांबवतोय, आपल्याला थांबवायला. तोही बोलला नाही. त्या दोघांपैकी एकाने जरी तेव्हा "हे कोणी केलं रे?" एवढं विचारलं असतं… पण नाही.

मग एका सकाळी थोरला गॅरेजकडे येत होता. धुकं होतं. गल्ली नीट दिसत नव्हती.

शटर बंद होतं. कुलूप लागलेलं. पण शटरच्या खालच्या फटीतून…

लाल उजेड येत होता.

एकसारखा. फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत दिव्याची ती लांब पट्टी पेटलेली होती.

थोरल्याने कुलूप काढलं आणि शटर वर सरकवलं. सरकवताना पट्टी विझली. तो पुढे गेला. बॉनेट उघडं होतं. बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवलेली, जशी काल संध्याकाळी त्यानेच ठेवली होती.

बराच वेळ तो त्या वायरीकडे बघत राहिला.

मग त्याने स्वतःची समजूत घातली. धाकट्याने बाहेरची बॅटरी लावून बघितलं असेल. आपण शटर उघडलं तेव्हा कुठेतरी सैल वायर हलली असेल. बाहेरची बॅटरी कुठे दिसत नव्हती. पण त्याने शोधलीच नाही. शोधून सापडली नसती तर काय करायचं, हा प्रश्न होता ना!

आता दिवे तपासायचे होते. त्याला माणूस मागे लागतोच, भांडण असो नसो. अबोल्यात दोघांनी नवीन रीत काढली होती. मागच्याने ओरडायचं नाही, पत्र्यावर टकटक करायची. एक टकटक म्हणजे लागला, दोन म्हणजे विझला. मूर्खपणासुद्धा किती पद्धतशीर करावा माणसाने!

थोरला आत बसला. आरशात काही दिसत नव्हतं, काचेवर ती काळी जाळी आणि वर तो पंख. बाजूचे आरसे रंगासाठी काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला टांगलेले. मागे काय चाललंय ते कळायला कानाशिवाय काही नव्हतं.

ब्रेक दाबला.

टक.

सोडला.

टक टक.

डावा इंडिकेटर. टक. उजवा. टक. सगळं व्यवस्थित. त्याने पुन्हा एकदा ब्रेक दाबला.

टकटक आली नाही.

त्याने वाट बघितली. गॅरेजात एवढी शांतता, की कोपऱ्यातला नळ ठिबकताना ऐकू येत होता. आणि मग मागून…

"लागला."

हळू. पण स्पष्ट. धाकट्याचा आवाज.

थोरल्याने पाय उचलला.

"विझला."

बोलला! पोरगं बोललं! थोरला मागे वळला नाही. वळला असता तर धाकटा लाजला असता, परत तोंड मिटून बसला असता. तो आपला ब्रेक दाबत राहिला, सोडत राहिला, गरज नसताना. आणि मागून तो आवाज येत राहिला. लागला… विझला… लागला…

खाली उतरला तेव्हा मागे कोणी नव्हतं. धाकटा गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभा होता, हातात भरलेला पेला.

पाय उचलून गेला असेल पटकन, थोरल्याने मनाशी म्हटलं.

त्या रात्री त्याने बायकोला सांगितलं, "बोलला आज." चेहरा असा, की लॉटरी लागली.

सुनेने सकाळी दिराला चहा देताना हळूच विचारलं, "भाऊजी, बोललात म्हणे काल."

धाकट्याने पेला खाली ठेवला. "मी? मी कशाला बोलू?"

सुनेला वाटलं, लाजतोय. ती गालात हसली आणि गप्प राहिली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. कशाला त्याचा आनंद घालवायचा? तिचंही चुकलं नाही. या घरात खरं बोलण्यापेक्षा समजून घेण्याचीच सवय जास्त.

मग तो दिवस आला.

काम संपलं होतं. गाडी मागून अशी झळकत होती, की हिरोचं काय, माझंही मन क्षणभर चाळवलं. सकाळी हिरो येणार होता. सकाळीच धाकट्याची बस होती. त्याची बॅग घरी दाराशी भरून ठेवलेली.

संध्याकाळी गाडी बाहेर काढून गल्लीत एकदा उजेडात बघायची, एवढंच उरलं होतं. मी डबा परत न्यायला गेले होते, पण मला टपरीवालीने बोलण्यात गुंतवलं. म्हणून मी तिथे नव्हते. असते तर… जाऊ दे.

थोरला आत बसला. बाजूचे आरसे बसवले होते, पण गॅरेज अरुंद म्हणून मिटलेले. गाडी सुरू केली. त्या गाडीचं इंजिन म्हणजे गुरगुरणारं जनावर. अख्खं गॅरेज थरथरायला लागलं. भिंतीवर टांगलेले पाने-पक्कड खुळखुळले.

तो धाकट्याची वाट बघत राहिला. मागे येईल, टकटक करेल.

मनात एकच होतं. उद्या हा जाणार. शेवटची गाडी आहे आपली दोघांची.

आणि मागून आवाज आला.

"येऊ दे, दादा."

दादा!

किती दिवसांनी ऐकला होता तो शब्द. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचा खांब धूसर झाला. त्याने रिव्हर्स टाकला. हळूच क्लच सोडला. गाडी मागे सरकली.

"येऊ दे… येऊ दे…"

त्याने मान वळवली नाही. बापाची शिकवण. पुढचं मडगार्ड आणि खांब, एवढ्यावरच नजर.

"येऊ दे, दादा… येऊ दे…"

शटरच्या खाली जमिनीत लोखंडी पट्टी आहे. मागची चाकं तिच्यावर आली की खडाक असा आवाज होतो, आणि तिथे मागच्याने "थांब" म्हणायचं असतं. गल्लीत कोणी येतंय का ते बघायला. धाकटा ते कधी चुकला नव्हता. लहान होता तेव्हाही नाही.

खडाक.

"येऊ दे…"

थोरल्याच्या मनात काहीतरी टोचलं. पण पाय तसाच राहिला. गाडी तशीच सरकत होती.

"येऊ दे…"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. इंजिन एवढं गुरगुरतंय. माणसाला ओरडल्याशिवाय ऐकू जाणार नाही. आणि हा आवाज तर ओरडत नव्हता. अगदी हळू बोलत होता. मागून नाही… जवळून. सीटच्या पाठीला तोंड लावून बोलावं तसा.

तरी त्याने गाडी थांबवली ती भीतीने नाही. मला त्याने शपथेवर सांगितलंय, आणि माझा थोरला दुसरं काही करेल, पण शपथ खोटी घेणार नाही. त्याला वाटलं, पोराने ताठा सोडला, आता आपली पाळी. आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. आणि असलं बोलणं गाडी चालू असताना बोलायचं नसतं.

त्याने ब्रेक दाबला. क्लच झटक्यात सुटला आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं.

एकदम शांतता.

थोरला समोर बघत म्हणाला, "छोट्या… चुकलं माझं. जाऊ नकोस रे."

मग मागून आवाज आला. खालून, जमिनीजवळून. खराखुरा, दचकलेला, घोगरा.

"दादा?… तू गाडी हलवलीस?"

थोरला दार उघडून धावला.

धाकटा शटरबाहेर बुटक्या स्टुलावर बसला होता, गाडीकडे पाठ करून. बाहेरच्या उरल्यासुरल्या उजेडात नंबरप्लेटची पट्टी कानशीने घासत. कानस हातातच होती. आणि त्याच्या पाठीत आणि बंपरमध्ये…

माझा हात जेमतेम जाईल एवढी जागा.

"डोकं फिरलंय का तुझं?" थोरला ओरडला. ओरडला म्हणजे रडला. "गाडीमागे पाठ करून बसतोस?"

"तूच म्हणालास ना!" धाकट्याचे ओठ पांढरे पडले होते. "तूच म्हणालास आत्ता. 'इंजिन गरम करतोय छोट्या, गाडी हलत नाही, घे सावकाश घासून.' दोनदा म्हणालास. मला वाटलं… मला वाटलं तू बोललास शेवटी. म्हणून मी बसलो."

थोरल्याने आधी गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"दादा, तू म्हणालास ना?"

"मी बोललोच नाही," थोरला म्हणाला. "तू 'येऊ दे' म्हणत होतास."

धाकट्याने नुसती मान हलवली. नाही.

दोघं भाऊ तिथे उभे. एक गाडीच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. किल्ली थोरल्याच्या मुठीत. धावताना काढून घेतलेली. गाडीत कोणी नाही.

आणि दिव्याची ती लांब पट्टी… पेटली.

ब्रेकचा उजेड. लालभडक. गल्ली ओलांडून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर जाऊन पडला. अख्खी भिंत लाल झाली.

अख्खी नाही.

मधोमध एक जागा पांढरीच राहिली. तिथे उजेड पोचत नव्हता. गाडी आणि भिंतीच्या मध्ये कोणीतरी उभं असावं तसा. डोकं, खांदे, पाय. पण गल्लीत कोणी नव्हतं. दोघांच्या डोळ्यांसमोर मोकळी गल्ली होती.

त्या पांढऱ्या आकाराचा एक हात वर गेला.

आणि पंजा हलायला लागला. हळूहळू. गाडीला मागे बोलावतात तसा.

ये… ये… ये…

मी पोचले तेव्हा भिंत काळोखी होती आणि माझी दोन मोठी पोरं, बापे झालेली पोरं, रस्त्यावर एकमेकांना मिठी मारून उभी होती. आधी मला बरं वाटलं. म्हटलं, मिटलं एकदाचं. मग दोघांची तोंडं बघितली.

त्या रात्री गाडीला हात लावायचं धाडस कोणी केलं नाही. गाडी तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर. सकाळची धाकट्याची बस त्याच्याशिवाय सुटली. त्याने तिचं नावसुद्धा काढलं नाही.

सकाळी हिरो आला. मी पोरांना बजावलं होतं, खरं काय ते सांगा त्याला. पण लोक हसतील म्हणून या शहाण्यांनी सांगितलं काय, तर "साहेब, वायरिंगमध्ये जरा गडबड आहे, हा मागचा भाग बदलून देतो, दुसरा शोधतो."

हिरो गाडीभोवती फिरला. पंखावरून हात फिरवला. "एवढं देखणं काम करून वर काढतो म्हणता? वेडे आहात का?"

बसला आणि गेला. गल्लीच्या वळणावर ती लाल पट्टी क्षणभर पेटली. मग दिसेनाशी झाली.

थोरला त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेला. मागचा भाग कोणत्या गाडीचा होता, म्हणून खोदून विचारलं. अपघाताची गाडी होती का? कोणी मेलं होतं का?

"अपघात नाही, काही नाही," भंगारवाला म्हणाला. "धडधाकट गाडी होती. मालकाने स्वतः उभं राहून कापून घेतली. मला म्हणाला, मागचा भाग तुझा, मला नको. मी म्हटलं, वेडा आहे."

"मग?"

"मग काय. सगळा वेळ पुढच्या बाजूला उभा राहिला. मागे एकदाही आला नाही." भंगारवाला जरा थांबला. "आणि कानात कापसाचे बोळे होते त्याच्या. मी ओरडून बोलत होतो, तरी काढले नाहीत."

यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. मालक कुठला, तेही नाही.

धाकट्याने नोकरीवर रुजू व्हायला आठवडाभर मुदत मागून घेतली होती. त्याच आठवड्यात एका दुपारी हिरोचा फोन आला. दोघं भाऊ गॅरेजात होते, मी डबा घेऊन आले होते. थोरल्याने आवाज मोठा करून फोन बाकावर ठेवला. म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

हिरो भलताच खुशीत होता.

"अहो, तुम्ही सांगितलं नाहीत! ते मागून बोलणारं यंत्र बसवलंत ना, काय सुंदर चीज आहे! मी आमच्या तळघरात गाडी लावतो तेव्हा किती बरं पडतं. अगदी माणसासारखा आवाज."

आम्ही कसलंही यंत्र बसवलं नव्हतं.

"आणि आवाज तरी कोणाचा निवडलात?" हिरो म्हणाला. "आमच्या मुलासारखा वाटतो हो. हुबेहूब. 'येऊ द्या, पप्पा,' म्हणतो. तो… बोलत नाही माझ्याशी. बरेच दिवस झाले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडीतच बसून राहिलो."

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं.

"एकच खोट आहे," हिरो पुढे म्हणाला. "तो 'थांबा' म्हणत नाही. येऊ द्या, येऊ द्या एवढंच. काल भिंतीला टेकता टेकता वाचलो. तेवढं दुरुस्त करून द्या ना."

"साहेब," थोरला म्हणाला. "ऐका माझं. ती गाडी मागे घेऊ नका. अजिबात घेऊ नका. आम्ही दोघं आत्ता येतो आणि ते सगळं काढून टाकतो. एक पैसा नको."

पलीकडे शांतता.

"साहेब? ते यंत्र नाहीये. आम्ही काही बसवलेलं नाही. ऐकताय ना?"

शेवटी हिरो बोलला. तो मघाचा खुशालचेंडू आवाज नव्हता. म्हाताऱ्या माणसाचा होता.

"काढू नका हो," तो म्हणाला. "असू दे."

फोन बंद झाला.

पोरं तशीच उठून त्याच्या घरी गेली. तळघरातली त्याची जागा रिकामी होती. रखवालदार म्हणाला, साहेब आत्ताच गाडी घेऊन बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी गेली, तरी रिकामी. फोन वाजत राहतो, उचलत कोणी नाही. आता तर वाजतही नाही.

धाकटा शेवटी गेला नोकरीवर. रोज रात्री फोन करतो, आणि थोरला पहिल्यांदा त्याला काहीतरी असं विचारतो, जे फक्त धाकट्यालाच माहीत असेल. उत्तर बरोबर आलं की मग पुढे बोलतो. मला हसू यायला हवं. येत नाही.

ती गाडी कुठे आहे, कोणाच्या दारात मागे सरकतेय, मला माहीत नाही. त्या मागच्याला काय हवंय, तेही माहीत नाही. एवढंच कळतं, की ज्याचा आवाज ऐकायला माणूस आसुसलाय, नेमका तोच आवाज त्याला सापडतो.

परवा मी बाजारातून येत होते. अंधारून आलं होतं. एका बोळात कोणीतरी गाडी मागे घेत होतं. लाल उजेड माझ्या पायापर्यंत आला. आणि त्या बोळातून कोणीतरी हळू आवाजात मला हाक मारली.

माझ्या बहिणीचा आवाज होता. आम्ही बोलत नाही.

मी मागे न बघता घरी आले. अजून तिला फोन केलेला नाही.